सात जणींचा मोर्चा आणि त्यापुढची वाट

१८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत तेव्हाच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद व्हावा, बहुपत्नीत्वाला कायद्याने मनाई व्हावी आणि सर्व भारतीय स्त्रियांना एकच नागरी कायदा मिळावा, अशा मागण्यांचे निवेदन त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना दिले. मोर्चा घडवून आणला होता लेखक-पत्रकार हमीद दलवाई यांनी. चालणाऱ्यांमध्ये त्यांची पत्नी मेहरुन्निसा आणि बहीण फातिमा होत्या. आपल्या घरातल्या कायद्याविषयी मुस्लिम स्त्रियांनी रस्त्यावर येऊन सरकारकडे दाद मागितल्याचा स्वतंत्र भारतातला हा पहिला प्रसंग मानला जातो. सात हा आकडा त्या काळच्या मोहल्ल्याची कल्पना देतो. मागणी मान्य असणाऱ्या बायका सातांहून पुष्कळ जास्त असणार. पण चेहरा उघड करून चालायला तयार होत्या त्या एवढ्याच.

ज्या कायद्याविरुद्ध त्या चालल्या, तो पूर्वापार जसाच्या तसा चालत आला होता, हा समज बरोबर नाही. १९३७ पर्यंत अनेक मुस्लिम समाजांत लग्न आणि वारसा स्थानिक रूढीप्रमाणे चाले. खोजा आणि कच्छी मेमन या मुंबईतल्या व्यापारी जमातींत वारसाहक्क हिंदू रूढीने ठरत असे आणि मुलींच्या वाट्याला फारसे काही येत नसे. १९३७ च्या शरियत कायद्याने या रूढी बाजूला सारल्या. त्याला अनेक मुस्लिम स्त्रियांनी पाठिंबाही दिला होता, कारण शरियतीत मुलीला निदान भावाच्या निम्मा हिस्सा होता. मात्र शेतजमीन या कायद्यातून वगळली गेली, आणि खेड्यापाड्यांत खरी मालमत्ता तीच होती. १९३९ मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवरा बेपत्ता असेल, पोटगी देत नसेल, छळ करत असेल, तर बायकोला न्यायालयात जाऊन तलाक मिळवता येऊ लागला. नवऱ्याचा एकतर्फी, तोंडी तलाकाचा अधिकार मात्र या कायद्याने जसा होता तसाच ठेवला. बायकोने न्यायाधीशासमोर कारणे सिद्ध करायची आणि नवऱ्याने तीन शब्द उच्चारायचे, ही विषमता पुढची ऐंशी वर्षे टिकली.

त्याच सुमारास तय्यबजी घराण्यातल्या बेगम शरीफा हमीद अली यांनी स्त्रीच्या बाजूने अटी घालता येतील असा आदर्श निकाहनामा तयार केला होता. निकाह हा करार असल्याने त्यात अटी घालण्याची सोय मुळातच होती. पण ही सोय वापरायला मुलीच्या बापाकडे शिक्षण हवे, वजन हवे आणि वरपक्षाला नाही म्हणण्याची ऐपत हवी. तय्यबजींच्या घरात हे सगळे होते. कोकणातल्या शेतकरी घरात, मालेगावच्या विणकराच्या किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर राबणाऱ्याच्या घरात ते नव्हते. त्यामुळे कागदावरचा तो निकाहनामा तिथवर पोचलाच नाही.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक दार बंद झाले, तेही मुंबईतच. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा केला होता. मुसलमानाला चार बायका करता येतात आणि हिंदूला दुसरी केली तर शिक्षा होते, हा भेदभाव आहे, असा आक्षेप त्याविरुद्ध घेतला गेला. नरसू अप्पा माळी खटल्यात १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. सुधारणा एकेका समाजात टप्प्याटप्प्याने करण्याचा अधिकार राज्याला आहे, असे त्यांचे म्हणणे. ते योग्यच होते. पण त्याच निकालात, व्यक्तिगत कायदे हे घटनेच्या तेराव्या कलमातल्या ‘कायदा’ या संज्ञेत बसत नाहीत, असेही ठरले. म्हणजे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर ते घासून पाहण्याचा मार्गच अडला. या निकालाने मुस्लिम स्त्रीचे जितके नुकसान केले, तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या निकालाने केले असेल. १९५५-५६ मध्ये हिंदू कायद्यात मोठे बदल संसदेने केले. मुस्लिम कायद्याला हात लावला गेला नाही. समाजातून मागणी येईल तेव्हा पाहू, अशी भूमिका राज्यकर्त्यांनी घेतली. १९६६ च्या मोर्चाने ती मागणी समाजातून आणली होती, आणि तरीही काही झाले नाही.

हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. जन्म १९३२ चा. लहान वयातच राष्ट्र सेवा दलात गेले, कथा लिहू लागले, पुढे आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकार झाले. ‘इंधन’ ही त्यांची कादंबरी मोर्चाच्या आदल्या वर्षीची. मेहरुन्निसा पुण्याच्या, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. १९५६ मध्ये दोघांचा निकाह झाला आणि त्यानंतर महिन्याभराने त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा नोंदणी केली. या नोंदणीमुळे नवऱ्याच्या हाती तोंडी तलाक उरत नाही. पुढे जी मागणी त्यांनी समाजापुढे ठेवली, ती आधी स्वतःच्या संसारात अमलात आणली होती. दलवाईंच्या पूर्णवेळ सामाजिक कामाच्या काळात मेहरुन्निसांनी नोकरी करून घर सांभाळले. चळवळींच्या इतिहासात अशा कमावत्या बायकांची नोंद एका ओळीत उरकली जाते. इथे तर त्या कमाईवरच चळवळ उभी होती.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. नाव जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजावरून घेतले होते आणि नाते फक्त नावाचे नव्हते. धर्मग्रंथापेक्षा माणसाच्या, विशेषतः बाईच्या, अनुभवाला प्रमाण मानायचे, ही रीत तिथूनच आली. मंडळाच्या पहिल्या कार्यकर्त्यांपैकी सय्यद महबूब शाह कादरी, म्हणजे सगळ्यांचे सय्यदभाई, हे पेन्सिलच्या कारखान्यात काम करणारे. त्यांच्या धाकट्या बहिणीला कोवळ्या वयात तलाक मिळाला. तिचे काय चुकले, या प्रश्नाला मौलवींकडून त्यांना उत्तर मिळाले नाही, आणि त्यांची आयुष्यभराची वाट तिथे ठरली. ‘दगडावरची पेरणी’ या पुस्तकात त्यांनी हे सगळे लिहिले आहे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये ते गेले.

मंडळाकडे येणाऱ्या बायकांच्या कहाण्या एकसारख्या असत. लग्नात ठरलेला मेहर काही शे रुपयांचा, तोही दिलेला नाही किंवा ‘माफ’ करून घेतलेला. नवरा रागाच्या भरात, कधी पोस्टाने, कधी काझीच्या कागदावर तलाक देई. इद्दतीचे, म्हणजे तलाकानंतरच्या प्रतीक्षेचे, सुमारे तीन महिने संपले की त्याची जबाबदारी संपली. बाई मुले घेऊन माहेरी येई. माहेरही हातावर पोट असलेले. भाऊ-भावजयीच्या एका खोलीत तिचे अंथरूण पडे. हातात कसब म्हणावे तर जरीकाम, शिवण, यंत्रमागाच्या कांड्या भरणे, तेही मुकादम देईल त्या दराने. जमातीकडे गेले तर समेटाचा सल्ला, पोलीस चौकीत गेले तर ‘हा तुमच्या धर्माचा मामला’ असे उत्तर. या बाईला कायदा हवा होता, पण त्याच्या जोडीला डोक्यावर छप्पर, हाताला काम आणि पाठीशी उभे राहणारे कोणीतरी हवे होते. मंडळाने हे ओळखले, म्हणून परिषदा-ठरावांबरोबर सल्ला आणि मदत केंद्राचे कामही त्यांनी चालवले. १९७१ मध्ये पुण्यात मुस्लिम महिला परिषद भरली. पुढे कोल्हापूरला मुस्लिम शिक्षण परिषद झाली. मुस्लिम मुलांनी प्रादेशिक भाषेतून शिकावे, हा दलवाईंचा आग्रह होता, कारण नोकरी आणि सार्वजनिक जीवन मराठीतून चालते. तो उर्दूच्या अभिमान्यांना रुचला नाही.

विरोध तीव्र झाला. सभा उधळल्या गेल्या, कार्यकर्त्यांवर बहिष्कार पडले, दलवाईंना काफर ठरवले गेले. पण विरोधाचे कारण केवळ धर्मवेड नव्हते. मंडळ स्थापन होऊन दोन महिने होत नाहीत तोच, मे १९७० मध्ये, भिवंडी आणि जळगावला भीषण दंगली झाल्या. घरे जळालेल्या वस्तीत जाऊन ‘आपला कायदा बदलला पाहिजे’ असे सांगणे किती अवघड असेल, याचा विचार केल्याशिवाय त्या काळाचे मोजमाप होत नाही. ज्याला बाहेर सुरक्षित वाटत नाही, तो घराच्या आतली व्यवस्था घट्ट धरून ठेवतो, आणि त्या घट्ट धरण्याचे ओझे घरातल्या बाईवर पडते. हा क्रम पुढे पुन्हा पुन्हा घडला.

१९७२ मध्ये सर्व धर्मीयांना लागू होईल असे दत्तकविधेयक राज्यसभेत आले. दत्तक मुलाला वारस मानणे इस्लामी कायद्याला मान्य नाही, असे म्हणून त्याला विरोध संघटित झाला. डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत मोठे अधिवेशन भरले आणि त्यातून पुढच्या वर्षी हैदराबादला ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभे राहिले. त्याच सुमारास फौजदारी प्रक्रिया संहिता नव्याने लिहिली जात होती. तिच्या १२५ व्या कलमात ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटितेचाही समावेश झाला. निराधार घटस्फोटितेला न्यायदंडाधिकाऱ्याकडे पोटगी मागता येऊ लागली. विरोधानंतर १२७ व्या कलमात एक पळवाट ठेवली गेली: व्यक्तिगत कायद्याप्रमाणे देय असलेली रक्कम दिली असेल, तर पोटगीचा आदेश रद्द करता येईल. या दोन कलमांतल्या ताणातूनच पुढे शाहबानो प्रकरण उभे राहिले. ते पाहायला दलवाई नव्हते. मूत्रपिंडाच्या विकाराने ३ मे १९७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार कोणत्याही धार्मिक विधीविना दहन झाले. मंडळाची सूत्रे मेहरुन्निसांनी आणि सहकाऱ्यांनी हाती घेतली.

शाहबानो इंदूरच्या. १९३२ मध्ये त्यांचे लग्न वकील मोहम्मद अहमद खान यांच्याशी झाले, पाच मुले झाली. १९७५ मध्ये नवऱ्याने त्यांना घराबाहेर काढले. १९७८ मध्ये त्यांनी १२५ व्या कलमाखाली महिना ५०० रुपये पोटगी मागितली. खटला चालू असतानाच नवऱ्याने तलाक दिला. न्यायदंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये मंजूर केले, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले. तेवढेही देणे नवऱ्याला मान्य नव्हते; तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी मुख्य न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने शाहबानोंच्या बाजूने निकाल दिला. १२५ वे कलम सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे आणि मेहर म्हणजे पोटगीचा मोबदला नव्हे, असे त्यात स्पष्ट झाले. समान नागरी कायद्याबाबत सरकारने काही केले नाही, असा शेराही निकालात होता आणि वादळ उठले ते बहुतांशी त्यावरून.

देशभर मोर्चे निघाले. वृद्ध शाहबानोंवर इतका दबाव आला की, त्यांनी जाहीर पत्राने निकाल नाकारला. महाराष्ट्रात याच काळात सत्यशोधक मंडळाने तलाकपीडित स्त्रियांना घेऊन कोल्हापूरहून नागपूरच्या दिशेने तलाक मुक्ती मोर्चा काढला; १९६६ च्या मोर्चात ज्या चालल्या, त्या मेहरुन्निसा यातही पुढे होत्या. वाटेत काही गावांत त्यांना विरोध झाला, काही गावांत बुरख्यातल्या बायका त्यांना येऊन भेटल्या. दिल्लीत मात्र राजीव गांधी सरकारने माघार घेतली. निकालाची संसदेत आधी पाठराखण केलेले आरिफ मोहम्मद खान मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि मे १९८६ मध्ये मुस्लिम स्त्री (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा आला. नवऱ्याने इद्दतीच्या काळात ‘वाजवी आणि न्याय्य’ तरतूद करावी, त्यानंतर जबाबदारी माहेरच्या नातेवाइकांची, नाहीतर वक्फ मंडळाची. ज्या माहेराला स्वतःचेच भागत नव्हते, त्याच्याच पदरी कायद्याने पुन्हा बाईला टाकले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अयोध्येतल्या वादग्रस्त वास्तूचे कुलूप उघडले गेले होते. दोन्ही बाजूंच्या धर्मनेत्यांना खूश करण्याच्या या व्यवहारात एका वृद्ध बाईच्या १७९ रुपयांचा प्रश्न कुठल्या कुठे गेला.

चळवळीची सूत्रे हळूहळू मुस्लिम स्त्रियांच्या हाती जात होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावात जमातीने मुस्लिम बायकांना सिनेमाला जाण्यास बंदी घातली, तेव्हा रझिया पटेल या तरुण कार्यकर्तीने त्याविरुद्ध सत्याग्रह केला; ‘चाहूल’ या आत्मकथनात त्यांनी तो लढा मांडला आहे. मुंबईत शहनाझ शेख यांनी स्वतःच्या तलाकाच्या अनुभवातून व्यक्तिगत कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि त्यांच्या पुढाकाराने ‘आवाज-ए-निस्वाँ’ ही संघटना उभी राहिली. या बायकांना दोन आघाड्यांवर लढावे लागले. जमात त्यांना घरभेदी म्हणे. बाहेर त्यांच्या दुःखाचा उपयोग त्यांच्याच समाजाला हिणवण्यासाठी होई. समान नागरी कायद्याची घोषणा हिंदुत्ववादी राजकारणाच्या तोंडी आल्यावर ती आपल्या तोंडून उच्चारणे अनेकींना अवघड झाले. दलवाईंच्या काळात हा पेच इतका टोकाचा नव्हता.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींनी हा पेच आणखी वाढवला. मिश्र वस्त्यांतून हजारो मुस्लिम कुटुंबे बाहेर पडली आणि मुंब्र्यासारख्या उपनगरात दाटीने राहू लागली. आवाज-ए-निस्वाँसारख्या संघटनांनी तेव्हा तलाकाचे अर्ज बाजूला ठेवून मदत छावण्यांत काम केले. वस्ती बंदिस्त झाली की पहिला फटका मुलींच्या शिक्षणाला बसतो. उर्दू शाळा दहावीपर्यंत जवळ असते, महाविद्यालय रेल्वेने जाण्याच्या अंतरावर, आणि त्या प्रवासाची भीती आईबापांच्या मनात घर करून बसते. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेल्या अहवालात या अवस्थेचे देशव्यापी चित्र उभे राहिले. मदरशांत शिकणारी मुले जेमतेम तीन-चार टक्के. बाकीच्यांना साधी शाळा हवी आहे, पण ती जवळ नाही, परवडत नाही किंवा पुढे नोकरीची खात्री देत नाही. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के घरातूनच काम करतात, तर सर्व कामकरी स्त्रियांत हे प्रमाण ५१ टक्के आहे, असेही समितीला आढळले. मुस्लिम बाईचा प्रश्न म्हणजे तलाक आणि बुरखा, असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंना या आकड्यांनी उत्तर दिले होते. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही.

न्यायालयांनी दरम्यान शांतपणे बरेच काम केले. डॅनियल लतिफी खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने १९८६ चा कायदा वैध ठरवला, पण त्याचा अर्थ उलटा लावला: तरतूद इद्दतीच्या काळात करायची, मात्र ती बाईच्या पुढच्या आयुष्याला पुरेल अशी असली पाहिजे. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण विरुद्ध रहिमबी हा खटला पूर्णपीठापुढे आला. नुसता ‘मी तलाक दिला’ असा जबाब पुरेसा नाही. कारण, समेटाचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष तलाक या सगळ्या गोष्टी नवऱ्याने सिद्ध केल्या पाहिजेत, असे पूर्णपीठाने सांगितले. त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा धरली. या निकालांची मोहल्ल्यात गाजावाजाने चर्चा झाली नाही, पण वकील आणि समुपदेशक यांच्या हाती ते आले आणि असंख्य पोटगीच्या दाव्यांत उपयोगी पडले.

२००७ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलन स्थापन झाले. झकिया सोमन आणि नूरजहाँ सफिया नियाज या त्याच्या संस्थापक. त्यांनी दलवाईंपेक्षा वेगळी वाट धरली: कुराणाचाच आधार घेऊन, धर्माच्या चौकटीत न्याय मागायचा. मंडळाच्या सत्यशोधकी भूमिकेला ही वाट अपुरी वाटली, तरी ती मोहल्ल्यात खोलवर पोचली हे मान्य करावे लागते. त्यांनी स्त्रियांच्या शरियत अदालती चालवल्या, स्त्रियांना काझीचे शिक्षण दिले. दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम स्त्रियांच्या त्यांनी केलेल्या पाहणीत ९२.१ टक्के जणींनी तोंडी तलाकवर बंदी मागितली. ही पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीजवळ जाण्यास स्त्रियांना केलेली मनाईही याच संघटनेने न्यायालयात नेली. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नोव्हेंबरमध्ये स्त्रिया आत गेल्या.

उत्तराखंडच्या शायरा बानो यांच्या याचिकेवर २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. मेहरुन्निसा दलवाई त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात वारल्या होत्या. ‘मी भरून पावले आहे’ हे त्यांचे आत्मकथन मागे राहिले. निकाल मात्र अडीच महिन्यांनी उशिरा आला. २०१९ च्या कायद्याने असा तलाक देणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. त्याने नवऱ्यांच्या मनात धाक बसला. पण तुरुंगातला नवरा पोटगी कशी देणार, आणि तलाक न देता नुसते टाकून दिलेल्या बाईने काय करायचे, हे स्त्री-संघटनांनी विचारलेले प्रश्न कायद्याने सोडवले नाहीत. त्यातल्या पोटगीच्या प्रश्नाला १० जुलै २०२४ च्या निकालाने काहीसे उत्तर मिळाले: १२५ वे कलम मुस्लिम घटस्फोटितेलाही लागू आहे, १९८६ च्या कायद्याने ते हिरावले गेलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. दत्तकाचा प्रश्नही त्याआधी २०१४ मध्ये सुटला होता. बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते, असे न्यायालयाने शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सांगितले.

१९६६ च्या निवेदनातली पहिली मागणी अशी एकावन्न वर्षांनी पदरात पडली. दुसरी, बहुपत्नीत्वाच्या बंदीची, मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात देशपातळीवर अजून अपुरी आहे. हलाला (तलाक दिलेल्या नवऱ्याशी पुन्हा लग्न करण्याआधी दुसऱ्याशी लग्न करण्याची प्रथा) आणि बहुपत्नीत्वाविरुद्धच्या याचिका न्यायालयात गेल्या आहेत. तिसरीवरचे राजकारण दलवाईंना ओळखू येणार नाही इतके बदलले आहे. मंडळाचे पुण्यातले काम सुरू आहे.